रश स्ट्रीटवरचा एक माइक : ‘मिस्टर केलीज’ ध्वनिमालिकेच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

विषय पक्का झाला. शिकागोच्या रश स्ट्रीटवर १९५३ ते १९७५ या काळात ‘मिस्टर केलीज’ नावाचा नाइटक्लब होता. जॅझ गाणारे आणि एकट्याने उभं राहून लोकांना हसवणारे, दोघंही तिथे एकाच मंचावर आणि बऱ्याचदा एकाच रात्री. त्या क्लबवर मराठीत तीन भागांची ध्वनिमालिका करायची. संशोधन, लेखन आणि संकलन मी इथे शिकागोत करणार. निवेदनाला पुण्याचा मित्र तयार झालाय. त्याने नाटकं केली आहेत, आकाशवाणीवर वाचलंय. जॅझ मात्र त्याने फारसं ऐकलेलं नाही, आणि मला तेच हवंय. त्याला कळलं तर श्रोत्यांनाही कळेल.

हाच क्लब का, हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. शिकागोत तेव्हा क्लबांना तोटा नव्हता. पण मिस्टर केलीजच्या त्या लहानशा दालनात एकामागून एक रेकॉर्डी झाल्या आणि त्या आजही मिळतात. जॅझ गायिका सारा व्हॉन १९५७. अनिता ओ’डे आणि एला फिट्झजेराल्ड, दोघी १९५८. विनोदकार वुडी ॲलन १९६४. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९७१. एकाच जागेचा आवाज चौदा वर्षांच्या अंतराने ऐकायला मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. गायक बदलतात, प्रेक्षक बदलतात, टाळ्यांची तऱ्हा बदलते. क्लबचा इतिहास नामावळीतून सांगण्यापेक्षा या रेकॉर्डींमधून सांगायचा.

१८ जानेवारी

जागा पाहून आले. १०२८ नॉर्थ रश, बेलव्ह्यू प्लेसच्या कोपऱ्याजवळ. तिथे १९८९ पासून गिब्सन्स हे स्टेकहाउस आहे. थंडी मरणाची होती, तरी दुपारी आत गर्दी. समोर रस्त्यांच्या बेचक्यात छोटी त्रिकोणी बाग आहे. तिच्या कडेने उभं राहिलं की रश स्ट्रीट कसा तिरका पळतो ते दिसतं. बाकी सगळं शहर चौकटीच्या वहीसारखं आखलेलं, हा रस्ता तेवढा आडवा-तिडवा. पन्नाशी-साठीच्या दशकांत रात्रीची सगळी वर्दळ याच पट्ट्यात होती.

मालक दोन भाऊ, ऑस्कर आणि जॉर्ज मॅरिएन्थल. त्यांचा ‘लंडन हाउस’ दक्षिणेला, मिशिगन ॲव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्हच्या नाक्यावर, १९२३ च्या त्या देखण्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. इमारत शाबूत आहे, २०१६ पासून तिथे त्याच नावाचं हॉटेल चालतं. शिवाय १९६० मध्ये भावांनी रश स्ट्रीटवरच ‘हॅपी मीडियम’ नावाचं छोटं नाट्यगृह काढलं. लंडन हाउसमध्ये मुख्यतः पियानोवाले. पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या त्रयीची १९६१ ची प्रसिद्ध शिकागो रेकॉर्ड तिथलीच. केलीजमध्ये गळा आणि विनोद, हॅपी मीडियममध्ये संगीत-विनोदी रंगमंच. कुणाला कुठे ऐकवायचं याचा या भावांना पक्का अंदाज होता.

लंडन हाउसचा मोह होतोय, पण या मालिकेत तो तोंडी लावण्यापुरताच.

२५ जानेवारी

आज हक्कांचं पाहिलं. गाणी मालिकेत वाजवता येतील का? ‘तीस सेकंद चालतात’ असं सगळे छातीठोकपणे सांगतात. कायद्यात असं काहीही नाही. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांसाठी २०१८ च्या कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची मुद्रणं खुली होणार १५ फेब्रुवारी २०६७ ला. म्हणजे मला हव्या असलेल्या पाचही रेकॉर्डी तोवर बंद. परवाने काढायचे तर रेकॉर्डचा हक्क वेगळा, गाण्याचा वेगळा. आमच्या खिशाला ते झेपणारं नाही.

निर्णय : मालिकेत एकही गाणं वाजणार नाही. प्रत्येक भागाआधी श्रोत्याला सांगायचं की अमुक रेकॉर्ड ऐकून या, आणि मग भागात ती शब्दांनी उलगडायची. सुरुवातीला वाईट वाटलं. पण रात्री पहिल्या भागाचा कच्चा आराखडा लिहायला बसले आणि लक्षात आलं की आता मला ऐकावंच लागणार, नुसतं वाजवून निभावणार नाही. कुठल्या क्षणी काय घडतं हे सांगायचं तर तो क्षण आधी आपल्याला सापडायला हवा.

२ फेब्रुवारी

सारा व्हॉन. दिवसभर हीच.

मुद्रण ऑगस्ट १९५७ चं. पियानोवर जिमी जोन्स, डबल बासवर रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर रॉय हेन्स. रेकॉर्ड काढली मर्क्युरी कंपनीने. मर्क्युरी ही शिकागोचीच, १९४५ मध्ये इथे सुरू झालेली, म्हणजे घरचीच कंपनी. साराचं माहेर नुअर्क. १९४२ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी गायकांची स्पर्धा जिंकून ती पुढे आली. पण तिचं ‘द डिव्हाइन वन’ हे बिरुद शिकागोचं. इथला रेडिओ निवेदक डेव्ह गॅरोवे तिच्या रेकॉर्डी लावताना तिला या नावाने पुकारायचा आणि ते कायमचं चिकटलं.

आता तो क्षण. गाणं ‘विलो वीप फॉर मी’, ॲन रोनेलचं, १९३२ चं. संथ चाल. सारा खालच्या पट्टीत उतरते तेव्हा तिचा आवाज किती भरीव आहे ते कळतं. तिचा खर्ज ऐकताना पोटात काहीतरी हलतं, आणि तिथून ती मींड घेत इतक्या सहज वर जाते की मधली पायरी दिसतच नाही. गाणं रंगलेलं असतं आणि ती चुकते. शब्द निसटतात. थांबावं, पुन्हा सुरू करावं, निदान रेकॉर्डसाठी दुसरा टेक घ्यावा, असं कुणालाही वाटेल. ती थांबत नाही. त्याच चालीत, त्याच लयीत, जागच्या जागी नवी ओळ गाते : आपण या गाण्याची पुरती वाट लावली आहे, अशा अर्थाची. समोर हशा उसळतो. साथीदार जराही डगमगत नाहीत. रॉय हेन्सचे ड्रमवर फिरणारे ब्रश चालूच असतात, जिमी जोन्स तिच्या पुढच्या वळणासाठी सूर मांडून तयार. आणि ती गाण्यात अशी परत शिरते की मघाची चूक त्या गाण्याचाच भाग होऊन जाते.

मला यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात.

एक, हा विनोद आहे, आणि अत्यंत अचूक वेळेवर आलेला. त्याच मंचावर येणारे विनोदवीर अशी वेळ साधायला वर्षानुवर्षं धडपडायचे. साराला ती उपजत होती. गाणं आणि विनोद एकाच क्लबात का नांदू शकले, याचं उत्तर मला या चार-पाच सेकंदांत मिळतं. दोघांनाही काळाचं भान लागतं. कधी बोलायचं, कधी थांबायचं, समोरच्याचा श्वास कुठे अडकलाय.

दोन, कंपनीने ती चूक रेकॉर्डवर ठेवली. कापता आली असती. ठेवली, म्हणजे कुणाला तरी कळलं होतं की लोकांना ही बाई तशीच हवी आहे, त्या खोलीत होती तशी.

आपल्याकडे छोट्या बैठकीत गवई श्रोत्यांच्या इतका जवळ असतो की त्याचा घसा कोरडा पडला तरी पहिल्या रांगेला कळतं. केलीजची खोली तशी होती. दाद द्यायला टाळ्यांची वाट पाहावी लागत नव्हती, मान हलली तरी पोचत होती. मित्राला हे असंच सांगणार आहे, म्हणजे निवेदनात सभागृहाचा आवाज येणार नाही.

याच रेकॉर्डवर ‘हाऊ हाय द मून’ आहे, त्यात ती एला फिट्झजेराल्डचं नाव घेते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, एला याच मंचावर उभी होती. पियानो लू लेव्ही, बास मॅक्स बेनेट, ड्रम्स गस जॉन्सन. जॅझ निर्माता नॉर्मन ग्रँझने ते मुद्रण करून घेतलं आणि मग ते कपाटात पडून राहिलं. बाहेर आलं २००७ मध्ये. तोवर एला जाऊन अकरा वर्षं झाली होती. जवळजवळ पन्नास वर्षं एक अख्खी रात्र डब्यात बंद! हे भाग एकच्या शेवटी घ्यायचं.

३ फेब्रुवारी

अनिता ओ’डे, एप्रिल १९५८. शिकागोत वाढलेली पोर, गावात परतलेली. ड्रम्सवर तिचा नेहमीचा जॉन पूल. साराचा आवाज वाहतो, अनिताचा तुटक, चालता-चालता टिचकी मारल्यासारखा. दीर्घ सूर ती धरतच नाही, त्याचे तुकडे करून लयीशी खेळते. एकापाठोपाठ दोन्ही रेकॉर्डी ऐकायला सांगायचं. अनितावर लिहावं तितकं थोडं, पण भाग एक आधीच फुगलाय. दोन परिच्छेदांत बसवते.

९ फेब्रुवारी

मोठ्या नावांमागे जी माणसं रोज रात्री वाजवत होती, त्यांचा शोध घेत होते. डाउन बीट हे जॅझचं मासिक शिकागोतच १९३४ मध्ये निघालं. त्यात कोण कुठे वाजवतंय याच्या याद्या छापून यायच्या. मिस्टर केलीजचं नाव आलं की त्यापुढे पाहुण्या कलाकाराबरोबर घरच्या वादकांची नावं दिसतात : डिक मार्क्स पियानोवर, जॉनी फ्रिगो बासवर.

पाहुणे दोन-तीन आठवडे येत आणि जात, हे तिथेच असत. पुढे डिक मार्क्स शिकागोच्या जाहिरातींचा मोठा संगीतकार झाला. त्याचा मुलगा रिचर्ड मार्क्स ऐंशीच्या दशकात पॉप गायक म्हणून गाजला. जॉनी फ्रिगोची गोष्ट तर मला फारच आवडली. आयुष्याचा बराच काळ तो बास वाजवत राहिला, आणि उतारवयात व्हायोलिनवादक म्हणून जगाला नव्याने माहीत झाला. १९१६ चा जन्म, २००७ मध्ये गेला.

क्लब म्हटलं की पोस्टरवरची नावं घ्यायची सवय असते. पण रोज संध्याकाळी दार उघडल्यावर पहिला सूर लावणारे हे होते. भाग दोनची सुरुवात यांच्यापासून करते. मित्राला विचारलं तर म्हणाला, “अगं, नाटकात पडदा वर जायच्या आधी जो माणूस रंगमंच झाडतो, त्याच्याबद्दल कधी कुणी लिहिलंय का? कर, नक्की कर.”

१५ फेब्रुवारी

विनोदाचा भाग. इथे सामग्री इतकी आहे की काय गाळायचं हाच प्रश्न.

सुरुवात शेली बर्मनपासून. शिकागो विद्यापीठाच्या परिसरात, हाइड पार्कमध्ये, १९५५ मध्ये ‘कंपास प्लेअर्स’ ही मंडळी आयत्या वेळी सुचेल तसं नाटक करायची. माइक निकल्स, इलेन मे आणि बर्मन हे सगळे त्यातले. बर्मन १९५७ मध्ये एकटा बाहेर पडला आणि एकपात्री विनोदकार म्हणून त्याला पहिलं काम मिळालं ते मिस्टर केलीजमध्ये. नट होता तो. चुटक्यांची माळ त्याच्याकडे नव्हतीच. उंच स्टुलावर बसायचा, हातात नसलेला टेलिफोन कानाला लावायचा आणि पलीकडच्या माणसाशी बोलायचा. पलीकडचा काय म्हणाला ते प्रेक्षकांनी बर्मनच्या चेहऱ्यावरून आणि गप्प बसण्यावरून ओळखायचं. उभं राहून सासू-बायकोवर विनोद फेकायचे, ही जुनी रीत इथे मागे पडली. माणूस, त्याचा संकोच, त्याची चिडचिड मंचावर आली. दोन वर्षांत त्याची रेकॉर्ड निघाली, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ क्लबमध्ये मुद्रित केलेली, आणि तिला ग्रॅमी मिळालं.

‘हंग्री आय’ आणि मिस्टर केलीज ही त्या काळातली दोन टोकांची ठाणी. मॉर्ट साल १९५३ मध्ये पहिल्यांदा ‘हंग्री आय’मध्ये उभा राहिला, अंगात स्वेटर, हातात वर्तमानपत्र, आणि बातम्यांवर बोलू लागला. तोही नंतर केलीजमध्ये यायचा. गावोगावच्या अशा क्लबांची एक साखळीच होती. शिकागोत जमलं तर न्यू यॉर्कला बोलावणं, तिथून सॅन फ्रान्सिस्कोला. गायिका बार्ब्रा स्ट्राइसँड १९६३ मध्ये याच वाटेवरून केलीजमध्ये येऊन गेली.

शिकागोत त्या दोन-तीन वर्षांत काय दाटी झाली पाहा. डिसेंबर १९५९ मध्ये वेल्स स्ट्रीटवर ‘सेकंड सिटी’ हे आयत्या वेळच्या विनोदी प्रयोगांचं थिएटर उघडलं. फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यू हेफ्नरने ईस्ट वॉल्टनवर पहिला प्लेबॉय क्लब काढला, केलीजपासून चालत पाच-सात मिनिटांवर. जानेवारी १९६१ मध्ये काळा विनोदकार डिक ग्रेगरी तिथे ऐन वेळी बदली म्हणून उभा राहिला आणि गोऱ्या प्रेक्षकांसमोर वर्णद्वेषावर बोलून त्यांना हसवलं. त्या एका रात्रीने त्याचं आयुष्य पालटलं. आणि डिसेंबर १९६२ मध्ये ‘गेट ऑफ हॉर्न’ क्लबमध्ये विनोदकार लेनी ब्रूसला त्याच्या बोलण्याबद्दल पोलिसांनी मंचावरून उतरवून अटक केली. प्रेक्षकांत जॉर्ज कार्लिन हा तरुण विनोदकार बसला होता. त्याने ओळखपत्र दाखवायला नकार दिला म्हणून त्यालाही धरून नेलं. हे सगळं एका शहरात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. विनोदकाराने काय बोलावं याची हद्द तेव्हा रोज रात्री सरकत होती, आणि कधी कधी ती सरकवणाऱ्याला तुरुंग दिसत होता.

वुडी ॲलनची पहिली रेकॉर्ड मार्च १९६४ मधली, केलीजमधली. ती ऐकताना मी हशाकडे लक्ष दिलं. पहिल्या काही मिनिटांत लोक जपून हसतात, एखाद-दुसरा आधी, मग बाकीचे. हळूहळू खोली एक होते. साराच्या रेकॉर्डवर हसू अचानक फुटलं होतं, इथे ते विटेवर वीट रचून उभं केलेलं. भाग दोनमध्ये हे दोन हशे शेजारी ठेवायचे. वाजवता येत नाहीत, तेव्हा लिहिणं नेमकं हवं.

१७ फेब्रुवारी

विनोदकार बॉब न्यूहार्टचा मुद्दा कालच्या मसुद्यातून काढला होता, परत घातला. शिकागोजवळच्या ओक पार्कचा, पेशाने हिशेबनीस. त्याची पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यूस्टनमध्ये मुद्रित झाली, कारण तोवर तो कुठल्याच नाइटक्लबात उभा राहिलेला नव्हता आणि प्रेक्षकांसमोर मुद्रण करायचं तर आधी क्लब शोधणं भाग होतं. त्या रेकॉर्डने वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पटकावलं. मग केलीजसारख्या क्लबांची दारं उघडली. बर्मन क्लबातून रेकॉर्डकडे गेला, न्यूहार्ट रेकॉर्डवरून क्लबात आला. १९६० च्या सुमाराला दोन्ही बाजूंनी ये-जा सुरू झाली होती. हे सांगितल्याशिवाय एलपीचं, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीचं, महत्त्व ध्यानात येणार नाही.

१ मार्च

भाग तीनचं गाडं अडलं होतं ते आज सुटलं. प्रश्न असा : सारा, एला, मडी वॉटर्स रश स्ट्रीटवर गात होते तेव्हा शहर कसं होतं?

शिकागो काळ्या-गोऱ्यांत काटेकोर विभागलेलं होतं. काळ्या वस्तीचं संगीत दक्षिणेला होतं. ४७ व्या रस्त्यावरचं रीगल थिएटर, क्लब डीलिसा, सदरलँड लाउंज, पर्शिंग हॉटेल. पियानोवादक अहमद जमालने जानेवारी १९५८ मध्ये आपली सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड पर्शिंगमध्येच मुद्रित केली. संगीतकारांच्या कामगार संघटनासुद्धा दोन होत्या. गोऱ्यांची लोकल १०, काळ्यांची लोकल २०८. २०८ ही १९०२ मध्ये स्थापन झालेली, देशातली काळ्या संगीतकारांची पहिली शाखा. दोन्ही एक झाल्या जानेवारी १९६६ मध्ये. म्हणजे साराची ती रेकॉर्ड झाली तेव्हा एकाच गावातले वादक कातडीच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या कचेऱ्यांत वर्गणी भरत होते.

त्या रेकॉर्डवर बास वाजवणारा रिचर्ड डेव्हिस दक्षिण शिकागोचा. ड्युसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट यांच्या हाताखाली शिकलेला. या एका सरकारी शाळेने आणि एका शिक्षकाने किती माणसं दिली! नॅट किंग कोल, जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन. डायट अत्यंत कडक शिस्तीचे. क्लबातल्या त्या चार जणांमध्ये डेव्हिस हा खरा गावकरी होता. भाग तीनमध्ये त्याच्यावर मोठा तुकडा लिहिणार. इतिहासात त्याचं नाव बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी येतं.

मग मडी वॉटर्स. १९४३ मध्ये मिसिसिपीतून आगगाडीने शिकागोला आला. साउथ लेक पार्कवर, ४३ व्या रस्त्याच्या पुढे त्याचं घर होतं. शिकागोचे घर-क्रमांक अंतर सांगतात, साधारण ८०० क्रमांकांना एक मैल. हिशेब केला तर त्याच्या घरापासून मिस्टर केलीज सहा-सात मैल. त्याची केलीजमधली रेकॉर्ड निघाली १९७१ मध्ये, त्याला शहरात येऊन २८ वर्षं झाल्यावर. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स. तोवर युरोपने मडीला डोक्यावर घेतलं होतं, ब्रिटिश रॉकवाले त्याच्या गाण्यांवर वाढले होते. भागात ही दोन आकडी माहिती, सहा-सात मैल आणि २८ वर्षं, शेजारी-शेजारी ठेवायची आणि पुढे सरकायचं. टीका-टिप्पणी नको.

मॅरिएन्थल बंधूंनी काळ्या कलाकारांना मुख्य पाहुणे म्हणून सातत्याने बोलावलं हे स्पष्ट लिहायचं. तेवढ्याने शहर बदललं असं लिहायचं नाही.

८ मार्च

एक रुक्ष वाटणारा, पण फार कामाचा धागा : कॅबरे कर. युद्धकाळात, १९४४ मध्ये, केंद्र सरकारने नाइटक्लबांच्या बिलावर ३० टक्के कर लावला आणि त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आणला. गाणं, नाच किंवा करमणुकीचा कार्यक्रम असेल तिथे हा कर. नुसतं वाद्यवादन असेल, नाच नसेल, तर सूट. १९६० मध्ये तो १० टक्के झाला आणि १९६५ च्या कायद्याने गेला.

म्हणजे १९५७ मध्ये दोघं जण केलीजमध्ये बसून १० डॉलरचं खाणं-पिणं करतात. मंचावर फक्त पियानो-बास असेल तर १० डॉलर. सारा व्हॉन गायला उभी राहिली की १२. तिच्या गळ्यावर सरकारने २ डॉलर लावले, असंच म्हणायचं. मोठे नाचाचे हॉल या कराने मोडले, बिगबँड आटले, छोटे वाद्यवृंद तगले. अशा काळात गायिका आणि विनोदकार यांच्यावर क्लब चालवायचा म्हणजे गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे आनंदाने मोजावेत इतका चांगला कार्यक्रम रोज द्यायचा. भावांच्या धाडसाचं खरं माप मला इथे दिसतं.

मित्राला वाटलं होतं की कराचा तुकडा कंटाळवाणा होईल. १० आणि १२ डॉलरचं उदाहरण वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाला, “हे ठेव. हे लगेच कळतं.”

१६ मार्च

महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतल्या एका काकांकडे गेले होते. १९६८ मध्ये ते इंजिनिअरिंग शिकायला शिकागोला आले, शहराच्या दक्षिणेकडच्या ‘इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’त.

“काका, तुम्ही मिस्टर केलीजमध्ये कधी गेला होतात का?”

“अगं कुठलं! खोलीचं भाडं द्यायचं, घरी आईला पाठवायचे, त्यात सगळं संपायचं. रश स्ट्रीटवरून फिरायला मात्र जायचो. बाहेरच्या पाट्या वाचायचो, आज कोण आहे बघायचो.”

“मग विनोद, गाणी कळायची कुठून?”

“वसतिगृहात एकाकडे रेकॉर्ड प्लेअर होता. न्यूहार्टची तबकडी आम्ही झिजवली. माझं इंग्रजी त्याच्यावर सुधारलं म्हण ना. तो कुठे थांबतो, लोक कुठे हसतात, ते ऐकून ऐकून कळायला लागलं.”

काकांनी त्याचा एक टेलिफोनचा प्रसंग करून दाखवला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण मधली प्रत्येक स्तब्धता जागच्या जागी. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “पन्नास वर्षं ऐकतेय मी हे!” दोघांनी आवाज वापरायला परवानगी दिली, नाव नको म्हणाले. भाग दोनचा शेवट सापडला. क्लबच्या दारातून आत जाणं न परवडणाऱ्यांपर्यंत ती दुनिया तबकडीवर बसून पोचत होती.

२३ मार्च

भाग तीनचा उत्तरार्ध. १९६६ मध्ये क्लबला आग लागली. पुन्हा बांधला, पुन्हा उघडला. त्यानंतरच्या वर्षांतही माणसं तोलामोलाचीच : रिचर्ड प्रायर, लिली टॉमलिन, बेट मिडलर. १९७५ मध्ये कायमचा बंद झाला. शेवटच्या काळातली विनोदकार फ्रेडी प्रिन्झची रेकॉर्ड आहे. वयाची पंचविशीही न पाहिलेला पोरगा, टीव्ही मालिकेने एका हंगामात देशभर पोचलेला. जानेवारी १९७७ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. ती रेकॉर्ड ऐकणं मला जड गेलं.

क्लब का बंद पडला? ‘काळ बदलला’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं. स्ट्राइसँडचंच उदाहरण पुरतं. १९६३ मध्ये ती केलीजच्या लहान मंचावर होती. जुलै १९६९ मध्ये लास व्हेगासचं ‘इंटरनॅशनल’ हॉटेल तिच्या कार्यक्रमाने उघडलं, आणि त्या सभागृहात २,००० खुर्च्या होत्या. २,००० खुर्च्यांचा मालक जे मानधन देऊ शकतो ते छोट्या क्लबच्या मालकाला कुठल्याही हिशेबाने देता येत नाही. कलाकाराला नाव मिळेपर्यंत क्लब हवा, नाव मिळालं की क्लबला कलाकार परवडत नाही. त्यात विनोदकारांना घरबसल्या कोट्यवधींपुढे नेणारा ‘टुनाइट शो’ १९७२ मध्ये न्यू यॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेला आणि धडपडणारी पोरं त्याच्या मागोमाग तिकडे वळली. तरुण श्रोता रॉकच्या मोठ्या मैफलींना जाऊ लागला. शिकागोतून माणसं घडायची थांबली नाहीत, पण घडल्यावर ती रश स्ट्रीटवर परत येईनाशी झाली.

मला याचं वाईट वाटतं, आणि ते निवेदनात आलं तरी चालेल असं मित्राला सांगितलंय.

२९ मार्च

न्यूबेरी ग्रंथालयात आज पूर्ण दिवस. वेस्ट वॉल्टनवरच, जुन्या क्लबच्या जागेपासून थोड्याच अंतरावर. मिस्टर केलीजची कागदपत्रं आता तिथे जतन केली आहेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. भाग तीनच्या तारखा पुन्हा ताडून पाहिल्या. जिथे कागद सापडला नाही ती वाक्यं मसुद्यातून काढली, त्यात दोन फार रंगतदार किस्से गेले. गेले तर गेले.

५ एप्रिल

पुण्याहून तिन्ही भागांचं निवेदन आलं. भाग एक सुंदर. साराच्या चुकीच्या जागी मित्राने वाक्याच्या मध्ये श्वास घेतलाय, मग किंचित हसलाय. लिहिलेलं नव्हतं. ठेवणार आहे.

भाग दोनमध्ये पंख्याची घरघर आहे. पुण्यात उकाडा सुरू झालाय, पंखा बंद करून बोलायचं म्हणजे घामाची आंघोळ. तरी पहाटे पुन्हा मुद्रित करतो म्हणाला. भाग तीनमध्ये डेव्हिसचा तुकडा थोडा घाईत झालाय, तो सावकाश हवा. कॅप्टन डायट यांच्या नावानंतर पूर्ण एक सेकंद थांबायचं, असं कळवलं.

ऐकण्याचा क्रम श्रोत्यांसाठी असा ठरला : आधी सारा व्हॉन, मग लगेच अनिता ओ’डे, नंतर एला. दुसऱ्या भागाआधी वुडी ॲलन. तिसऱ्या भागाआधी मडी वॉटर्स, आणि शक्य असेल तर हेडफोन न लावता, आवाज मोठा करून. पहिला भाग पुढच्या रविवारी, भारतातल्या सकाळी टाकतोय.